परदेशात वारलेल्या सोलापूरकरांसाठी जिल्ह्यात एक टेबल हवे : जिल्हाधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, सोलापूर.

प्रत : मा. आयुक्त, सोलापूर महानगरपालिका, मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, सोलापूर, मा. प्रादेशिक परिवहन अधिकारी, सोलापूर.

विषय : परदेशातून पार्थिव आणताना लागणारे स्थानिक कागद, वाहन आणि अंत्यविधी यांची लेखी व्यवस्था करण्याबाबत.

महोदय,

सौदीत, ओमानमध्ये, कतारमध्ये कामाला गेलेला आपल्या जिल्ह्यातला माणूस वारला की घरी पहिला फोन येतो तो बहुधा त्याच्या खोलीतल्या सोबत्याचा. कंपनीचा फोन नंतर येतो, दूतावासाचा त्याहून नंतर. सोबती सांगतो, "घरून एक पत्र पाठवा, म्हणजे इकडची फाइल हलेल." त्या पत्रावर सही कोणी करायची, त्यात काय लिहायचे, नोटरी पुरते की तहसीलदारांचा शिक्का लागतो, हे सांगणारे ठरलेले टेबल जिल्ह्यात नाही. कुटुंब सेतूत जाते, सेतूतून तहसीलला, तिथून पोलीस ठाण्यात. शेवटी कोणीतरी सांगते, मुंबईला जाऊन विचारा. तोवर पार्थिव तिकडच्या शवागारात पडून असते.

आम्ही हे कागद भरून देणारी आणि मुंबई विमानतळावरच्या सहारच्या कार्गोतून पार्थिवाची पेटी सोडवून आणणारी माणसे आहोत. परदेशातल्या यंत्रणेवर आमचा जोर चालत नाही, तुमचाही नाही. पण या कामाचा पहिला कागद सोलापूर जिल्ह्यात तयार होतो आणि शेवटचे चारशे किलोमीटर सोलापूरच्या दिशेनेच कापायचे असतात. दोन्ही टोकांना तुमचा शब्द चालतो, म्हणून पत्र तुम्हाला. ते उघड लिहिले, कारण ज्यांच्या घरातले कोणी बाहेर आहे त्यांनीही हे आधी वाचून ठेवलेले बरे.

तिकडे काय चालते ते न कळल्यामुळे इथे भलतेच कागद मागितले जातात, म्हणून तो क्रम आधी. दवाखान्यात मृत्यू झाला तर नोंद दवाखाना करतो, बाहेर झाला तर पोलीस. अपघात, आत्महत्या किंवा संशय असेल तर तपास आणि शवविच्छेदन होते, आणि पोलिसांनी मोकळीक दिल्याशिवाय पुढचे काहीच होत नाही. त्यानंतर तिथला मृत्यू दाखला आणि त्याचे इंग्रजी भाषांतर. मग मालकाने, म्हणजे कफीलने, इकामा (तिथला रहिवास परवाना) किंवा व्हिसा बंद करायचा. भारतीय दूतावास पासपोर्ट रद्द करून ना हरकत पत्र देतो. मग एम्बामिंग (देह टिकावा म्हणून करायची रासायनिक प्रक्रिया), पेटी आणि विमानाचे बुकिंग. यातले एकही पाऊल मागचे पाऊल पडल्याशिवाय पडत नाही, आणि दूतावासाचे ना हरकत पत्र घरच्यांच्या संमतीपत्रावर अडलेले असते.

त्यात सुट्यांचा घोळ. सौदी, कुवेत, कतार, ओमान आणि बहरीन इथे शुक्रवार-शनिवार सरकारी सुटी. आपल्या राज्यात शनिवार-रविवार. म्हणजे दोन्हीकडची कार्यालये एकाच वेळी उघडी असतात ती फक्त सोमवार ते गुरुवार. गुरुवारी दुपारी तहसीलमध्ये "साहेब दौऱ्यावर आहेत" एवढे ऐकून परतलेले कुटुंब सरळ सोमवारवर जाते. अमिरातीने २०२२ पासून सुटी शनिवार-रविवारवर आणली, तेवढे एक सोपे झाले.

आता आमची गाऱ्हाणी. कुठल्या एका कार्यालयाकडे किंवा कर्मचाऱ्याकडे बोट दाखवायचे नाही. काउंटरवरच्या माणसासमोर असे प्रकरण कधीमधी येते आणि त्याच्या हातात लेखी काही नसते, तेव्हा तो अंगावर घेत नाही, हे समजण्यासारखे आहे. तो लेखी कागद वरून यायला हवा.

१. संमतीपत्राचा नमुना नाही

हा एका पानाचा कागद आहे. मृताचे नाव पासपोर्टवर आहे अगदी तसे, पासपोर्ट क्रमांक, मृत्यूची तारीख आणि गाव, सही करणाऱ्याचे नाते. पार्थिव भारतात आणायचे की तिथेच दफन करायचे. आणायचे तर कोणत्या विमानतळावर. तिकडे कागदपत्रे कोण हाताळणार, त्याचे नाव आणि ओळखपत्र क्रमांक. इकडे पेटी कोण ताब्यात घेणार, त्याचे नाव, आधार क्रमांक, फोन. सही प्रथम पतीची किंवा पत्नीची. ती व्यक्ती नसेल तर सज्ञान मुलांची किंवा आईवडिलांची. दोन साक्षीदार. मजकूर इंग्रजीत, कारण तो वाचणारा दूतावासात आणि परक्या पोलीस ठाण्यात बसलेला असतो. मराठीतल्या स्टॅम्प पेपरवर नुसते "माझ्या पतीचे प्रेत पाठवावे ही विनंती" असे लिहून पाठवले तर ते परत येते.

परत येण्याची कारणे ठरलेली आहेत. नाव जुळत नाही हे पहिले. आपल्या शहरात पूर्व भागातल्या तेलुगू घरांत आडनाव आधी की नाव आधी याचा पासपोर्टवर एक क्रम, आधारवर दुसरा आणि रेशनकार्डावर तिसरा असतो. मुस्लिम घरांत वडिलांचे नाव एका कागदावर असते, दुसऱ्यावर गाळलेले. लग्नाआधी काढलेल्या पासपोर्टवर पत्नीचे नाव नसते, मग नात्याचा पुरावा मागितला जातो आणि विवाह नोंदणी केलेली नसते. अशा वेळी "ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची" आणि "ही या व्यक्तीची पत्नी" असे दोन ओळींचे तहसीलदारांचे पत्र काम भागवते. ते पत्र द्यायचा अधिकार आपल्याला आहे की नाही याच्याच विचारात दिवस जातात.

दुसरे कारण, एकाच घरातून दोन पत्रे जाणे. पत्नी लिहिते आणा, भाऊ लिहितो तिथेच माती द्या. दोन पत्रे दिसली की दूतावास थांबतो, आणि त्याने थांबलेच पाहिजे. नायब तहसीलदारासमोर घरातल्या सगळ्यांना एकदा बसवून एक पत्र करून घेतले तर हे टळते.

तिसरे कारण सर्वांत महागात पडते. पार्थिव पाठवण्याचे अधिकारपत्र आणि मृताचा पगार, ग्रॅच्युइटी, नुकसानभरपाई घेण्याचे मुखत्यारपत्र एकाच कागदात लिहून दिले जाते, तेही कंपनीच्या माणसाच्या नावाने, कंपनीनेच पाठवलेल्या मसुद्यावर. त्यात "सर्व देणी मिळाली, पुढे तक्रार नाही" अशी ओळ घुसवलेली असली तरी दुःखात ती कोणी वाचत नाही. हे कागद दोन वेगळे असलेच पाहिजेत. पार्थिवाचा लगेच करायचा. पैशांचा सावकाश, वकिलाला दाखवून. पैशांच्या कागदाला नोटरी, मग राज्य शासन, मग परराष्ट्र मंत्रालय अशी प्रमाणीकरणाची साखळी लागते. बहुतेक वेळा वारसाचा पुरावाही लागतो. तो आपल्याकडे १८२७ च्या मुंबई विनियम ८ खाली दिवाणी न्यायालयातून मिळतो आणि त्याला महिने जातात. त्या साखळीत पार्थिवाचा कागद अडकवला की पार्थिवही महिने अडकते.

२. खर्च कोणाचा, हे कोणी सांगत नाही

घरात पहिला विचार येतो तो कर्जाचा. सोने गहाण पडते, भिशी उचलली जाते. खरे तर सौदीच्या कामगार कायद्याच्या कलम ४० प्रमाणे मृत कामगाराचे पार्थिव तयार करून, जिथे करार झाला किंवा जिथून त्याला भरती केले तिथे पोचवण्याचा खर्च मालकाचा आहे. मालक फिरला, पळाला किंवा कंपनी बुडाली तर भारतीय दूतावासांकडे भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. तो २००९ मध्ये सुरू झाला, नवे नियम सप्टेंबर २०१७ पासून आहेत आणि पार्थिव पाठवण्याचा खर्च त्यात बसतो. मात्र तो कुटुंबाची ऐपत बघून मिळतो. म्हणजे "या कुटुंबाला हा खर्च झेपणारा नाही" असा स्थानिक अधिकाऱ्याचा कागद इथे मोलाचा ठरतो. उत्पन्नाच्या दाखल्याच्या नेहमीच्या रांगेत उभे राहून तो वेळेत हातात पडत नाही.

प्रवासी भारतीय बीमा योजनेचे तर नावही घरच्यांनी ऐकलेले नसते. दहावी न झालेल्या, म्हणजे ईसीआर पासपोर्टवर ठरावीक १८ देशांत कामाला जाणाऱ्यांना हा विमा सक्तीचा आहे. हप्ता दोन वर्षांना २७५ रुपये, तीन वर्षांना ३७५. अपघाती मृत्यूला १० लाख रुपये, शिवाय पार्थिव आणण्याचा आणि सोबत येणाऱ्या एका माणसाच्या तिकिटाचा खर्च. पॉलिसी ई-मायग्रेट या केंद्र सरकारच्या पोर्टलवर परदेशी कामासाठी होणाऱ्या नोंदणीबरोबर निघते आणि तिचा कागद एजंटकडे किंवा मृताच्या मोबाइलमध्ये राहतो. घरच्यांना क्रमांकच माहीत नसेल तर दावा करणार कशावर? ज्यांना एजंटाने पर्यटक व्हिसावर चढवून तिकडे कामाला लावले, त्यांची ई-मायग्रेटवर नोंद नसते आणि विमाही नसतो. अशा एजंटांवर जिल्ह्यात लक्ष ठेवणे हे वेगळ्या पत्राचे काम आहे.

परराष्ट्र मंत्रालयाचे मदद पोर्टल २०१५ पासून चालू आहे. तिथे तक्रार टाकली की क्रमांक मिळतो आणि ती थेट त्या देशातल्या दूतावासाकडे जाते. पहिल्याच दिवशी ती टाकायला हवी. पण गावाकडच्या वयस्क आईवडिलांनी इंग्रजी अर्ज भरून, पासपोर्टची प्रत जोडून, ओटीपी टाकायचा, ही अपेक्षाच चूक आहे.

विद्यार्थी आणि जहाजावरचे खलाशी यांची वाट वेगळी. विद्यार्थ्याच्या प्रवासी विम्यात पार्थिव आणण्याचे कलम बहुतेक वेळा असते, पण विमा कंपनीला आधी कळवून मंजुरी घ्यावी लागते. घरच्यांनी स्वतः पैसे भरून मग बिल लावले तर वाद होतो. खलाशाच्या बाबतीत जहाज कंपनी आणि तिचा विमा बघतो.

३. विमानतळ निवडण्यात चूक

संमतीपत्रात डोळे मिटून "मुंबई" लिहिले जाते. सोलापूरहून हैदराबाद सुमारे ३१० किलोमीटर, मुंबई ४०० च्या आसपास. शमशाबादला, म्हणजे हैदराबादच्या विमानतळाला, आखातातून थेट विमाने भरपूर. अक्कलकोट, दक्षिण सोलापूर आणि शहराचा पूर्व भाग यांना राष्ट्रीय महामार्ग ६५ वरून उमरगा, नळदुर्ग मार्गे हैदराबाद जवळचे पडते. माळशिरस, करमाळा, माढा यांना मुंबई बरी. मात्र हैदराबादच्या रस्त्यात तेलंगणा, कर्नाटक, महाराष्ट्र अशी तीन राज्ये येतात, म्हणून गाडीचा परवाना आणि कर आधी बघावा लागतो. पुण्याला थेट आखाती विमाने मोजकी. सोलापूरच्या होटगी रस्त्यावरच्या विमानतळावरून २०२५ मध्ये गोवा आणि मुंबईची विमाने सुरू झाली, त्यामुळे "आता पेटी थेट सोलापूरला येईल ना?" असे विचारले जाते. येत नाही. परदेशातून आलेले पार्थिव उतरवून घ्यायला विमानतळ आरोग्य अधिकारी आणि सीमाशुल्क लागते, ते इथे नाहीत.

एकदा एअरवे बिल, म्हणजे विमानातल्या मालाची पावती, निघाले की विमानतळ बदलणे म्हणजे नवे बुकिंग. थेट विमान एक दिवस उशिराचे असले तरी तेच घ्यावे. मधल्या विमानतळावर विमान चुकले तर पेटी शीतगृहाबाहेर राहू शकते.

४. सहारला काय होते

नातेवाईक टर्मिनल दोनच्या दारात उभे राहतात. पेटी तिथून येत नाही. ती सहारच्या एअर कार्गोत उतरते. विमान उतरल्यापासून ती हातात पडायला काही तास जातात. आधी विमान कंपनीच्या कार्गो कार्यालयातून डिलिव्हरी ऑर्डर, मग आरोग्य अधिकाऱ्यांची मंजुरी, मग सीमाशुल्क. शुल्क काही लागत नाही, कागद मात्र लागतात. आरोग्य मंजुरीसाठी ऑगस्ट २०२३ पासून केंद्राचे ई-केअर पोर्टल आहे. त्यावर चार कागद चढवायचे : मृत्यू दाखला, एम्बामिंगचा दाखला, दूतावासाचे ना हरकत पत्र आणि रद्द केलेल्या पासपोर्टची प्रत. हे पेटी निघण्याआधीच केले की उतरल्यावर थांबावे लागत नाही.

अडते ते दोन ठिकाणी. एअरवे बिलावर पेटी घेणाऱ्याचे जे नाव आहे तोच माणूस मूळ ओळखपत्रासह हजर हवा. बिलावर वडिलांचे नाव असते आणि वडील गावी घरात, न्यायला आलेला असतो चुलता. मग रात्री अपरात्री अधिकारपत्राची धावपळ. दुसरे, मूळ कागदांचा लिफाफा पेटीबरोबर येतो आणि त्यातले कागद तिथेच गोळा केले जातात. प्रत्येकाच्या चार-पाच प्रती काढून घेतल्या नाहीत तर सोलापुरात पोचल्यावर हातात काहीच उरत नाही. हे महत्त्वाचे का, ते सहाव्या मुद्द्यात.

५. गाडी आणि पेटी

१०८ ची गाडी रुग्णांसाठी आहे, पार्थिवासाठी नाही. म्हणून खासगी गाडी, आणि विमानतळाबाहेर रात्री दोन वाजता कुटुंबाला सांगितला जाईल तो दर. त्यात विमानाला उशीर झाला तर वेटिंग वेगळे, टोल वेगळा, परतीचा रिकामा फेरा वेगळा. भाडे ठरवताना दर, वेटिंग, टोल आणि परतीचा फेरा हे चारही शब्द कागदावर यायला हवेत. सोलापुरातून गाडी नेली तर बहुधा स्वस्त पडते, पण ती कोणाकडे आहे हे ऐन वेळी कळत नाही.

सगळ्याच गाड्या चालत नाहीत. पेटी साधारण साडेसहा ते सात फूट लांब आणि पार्थिवासह सव्वाशे-दीडशे किलोपर्यंत भरते. व्हॅनच्या मापाच्या लहान शववाहिकेत ती बसत नाही किंवा मागचे दार दोरीने बांधावे लागते. मोठी गाडी लागते, आणि उतरवायला सहा ते आठ माणसे.

केरळमध्ये नोर्का रूट्स ही परदेशी गेलेल्यांसाठीची सरकारी संस्था विमानतळापासून घरापर्यंत मोफत शववाहिका देते. तेलंगणा सरकार हैदराबाद विमानतळावरून मूळ गावापर्यंत ही सोय करते, शिवाय आखातात मृत्यू झालेल्यांच्या कुटुंबाला ५ लाख रुपये देण्याचा निर्णय २०२४ मध्ये तिथे झाला. शमशाबादच्या त्याच कार्गोतून दोन पेट्या निघाल्या, एक निजामाबादला आणि एक सोलापूरला, तर पहिलीला सरकारी गाडी आणि दुसरीला घासाघीस. सोलापूरच्या कितीतरी घरांची मुळे तेलंगणात आहेत. तिथल्या नातेवाइकांकडून हे ऐकताना काय वाटते, ते आम्ही काय सांगावे!

आता पेटीविषयी, कारण इथे अंगाला धोका आहे. विमानातून येणारे पार्थिव जस्ताच्या किंवा तत्सम पत्र्याच्या आतल्या पेटीत असते. तिचे सगळे सांधे डाख देऊन हवाबंद केलेले असतात आणि बाहेरून लाकडी पेटी असते. ती उघडायला सुतार पुरत नाही, पत्रा कापणारा लागतो. पत्रा कापायची कात्री किंवा छिन्नी-हातोडा वापरावा. ग्राइंडरच्या ठिणग्या बंद पेटीतल्या वाफेजवळ आणि भुशाजवळ नकोत. एम्बामिंगमधले फॉर्मलिन डोळ्यांना आणि घशाला झोंबते, म्हणून पेटी मोकळ्या हवेत उघडायची, हातमोजे आणि मास्क लावून, लहान मुले आणि दमेकरी लांब ठेवून. विडी घरकुलातल्या किंवा पेठेतल्या दहा बाय दहाच्या खोलीत दार लावून पेटी उघडणे धोक्याचे आहे, आणि सध्या नेमके तेच घडते, कारण दुसरी जागा नाही.

बराच काळ शवागारात राहिलेल्या किंवा शवविच्छेदन झालेल्या देहावर एम्बामिंग नीट बसत नाही. अशा वेळी आधी घरातल्या एका जाणत्या माणसाने पाहावे आणि चेहरा दाखवायचा की नाही ते ठरवावे. मय्यत असेल तर गुस्लचा, म्हणजे देहाला घालायच्या शेवटच्या स्नानाचा, निर्णय मौलानांना विचारून आधीच झालेला असावा. मृत्यूबद्दल संशय असेल आणि इथे पुन्हा शवविच्छेदन हवे असेल तर पेटी उघडण्याआधी पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्यायला हवा. एम्बामिंगनंतर विषाच्या तपासण्यांना मर्यादा येतात, हेही तेव्हाच सांगितले जावे.

६. स्मशानभूमीचा पास आणि पुढचे दाखले

पेटी रात्री अकराला शहरात पोचते. स्मशानभूमीत विचारतात, डॉक्टरचा मृत्यूचा दाखला कुठे? तो मस्कतच्या दवाखान्याचा, अरबीत आणि इंग्रजीत. इथल्या नमुन्यातला कागद नाही, म्हणून सकाळी या. पेटी पुन्हा घरी, एम्बामिंग झालेल्या देहासह, सोलापूरच्या उन्हाळ्यात. ई-केअरची मंजुरी आणि दूतावासाचे ना हरकत पत्र हे दोन्ही भारत सरकारचे कागद आहेत. देशात प्रवेश द्यायला जे पुरले ते दाहसंस्काराला किंवा दफनाला का पुरू नये?

विद्युतदाहिनीत किंवा गॅसदाहिनीत पेटीसकट ठेवता येत नाही, हे कर्मचाऱ्यांना माहीत असते, घरच्यांना नसते. जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळते, भट्टीच्या विटांना चिकटते आणि त्याचा धूर विषारी असतो. प्लास्टिकची पिशवीही काढावी लागते. उरलेली पेटी भंगारात जाते. ती कोणी पुन्हा वापरू नये यासाठी पालिकेनेच ताब्यात घेऊन कापली पाहिजे.

यानंतरचा फेरा घरच्यांना सर्वांत जास्त छळतो. बँक, वीज कंपनी, सातबारावरचा फेरफार, शाळेचा दाखला, सगळीकडे "महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा मृत्यू दाखला" मागतात. कुटुंब पालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात येते, आणि निबंधक सांगतात, मृत्यू आमच्या हद्दीत झालेला नाही, नोंद करता येणार नाही. निबंधकांचे बरोबर आहे. नोंद मृत्यूच्या ठिकाणीच होते. परदेशातल्या भारतीय नागरिकाच्या मृत्यूची नोंद तिथल्या भारतीय दूतावासात करायची असते आणि जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ च्या कलम २० नुसार ती या कायद्याखाली झालेली नोंदच समजली जाते. म्हणजे दूतावासाचा दाखला हाच दाखला. बँकेचे, तलाठ्याचे मात्र समाधान होत नाही. एक खिडकी म्हणते आम्ही देऊ शकत नाही, दुसरी म्हणते तोच आणा. विधवा बाई या दोन खिडक्यांमध्ये किती फिरते, ते तुमच्या जनता दरबारात एकदा विचारून पाहा.

एक गोष्ट आम्हाला बोचते, ती इथेच सांगतो. काही कुटुंबे तिथेच दफनाला संमती देतात. श्रद्धेने दिली तर त्यात बोलण्यासारखे काही नाही. मक्का-मदिनेच्या भूमीत माती मिळावी असे मानणारी घरे आहेत. अमिरातीत दहनाची सोय आहे, तिथे दहन करून रक्षा आणणे हाही अनेकांना मान्य मार्ग आहे. कलशालाही मृत्यू दाखला, दहनाचा दाखला आणि दूतावासाचे पत्र लागते. सौदीत दहनाला परवानगी नाही, त्यामुळे हिंदू कुटुंबापुढे आणणे किंवा पुरणे एवढेच उरते. पण कागद जमत नाहीत, पैसे कोण देणार कळत नाही, म्हणून थकून दिलेली संमती ही संमती नव्हे. ती जिल्ह्यातल्या अव्यवस्थेने काढून घेतलेली सही आहे.

मागण्या अशा :

एक. जिल्हाधिकारी कार्यालयात एक अधिकारी नावानिशी नेमावा, आणि अकराही तालुक्यांत एकेक नायब तहसीलदार. त्यांचे फोन क्रमांक तहसील, पोलीस ठाणे, सेतू आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावेत. शनिवार-रविवारीही फोन उचलला जावा. मदद पोर्टलवरची तक्रार आणि विमा पॉलिसीचा शोध त्यांनी पहिल्या दिवशी स्वतः करावा.

दोन. संमतीपत्राचा मराठी-इंग्रजी नमुना छापावा. त्यात विमानतळ आणि पेटी घेणाऱ्या दोन व्यक्तींची नावे लिहायला रकाना असावा, आणि "हे पत्र पैशांच्या व्यवहारासाठी नाही" हे वाक्य छापलेलेच असावे. नाव-नात्याचे आणि ऐपतीचे पत्र अर्ज आल्याच्या दिवशी द्यावे.

तीन. ई-केअर मंजुरी, दूतावासाचे ना हरकत पत्र आणि परदेशी मृत्यू दाखला या तीन प्रतींवर शहरातल्या स्मशानभूमी व कब्रस्तानात रात्रीही प्रवेश मिळेल असे परिपत्रक आयुक्तांनी काढावे. ग्रामपंचायतींना तेच जिल्हा परिषदेने कळवावे.

चार. दूतावासात नोंदलेला मृत्यू दाखला ग्राह्य धरण्याबाबत कलम २० चा उल्लेख करून सर्व तहसील व तलाठी कार्यालयांना पत्र जावे. बँकांसाठी तेच जिल्हा अग्रणी बँकेमार्फत जावे.

पाच. पेटी उघडण्यासाठी शासकीय रुग्णालयाच्या शवागाराशेजारी किंवा स्मशानभूमीत छप्पर असलेली मोकळी जागा, पत्रा कापायची साधने आणि प्रशिक्षित दोन माणसे असावीत. गाडीतून पेटी उतरवायला चाकांची गाडी असावी.

सहा. सात फुटी पेटी बसेल अशा शववाहिकांची यादी आणि मुंबई, पुणे, हैदराबादसाठी किलोमीटरचा दर, वेटिंगसह, परिवहन प्राधिकरणाने ठरवून जाहीर करावा. केरळ-तेलंगणाप्रमाणे मोफत गाडीचा प्रस्ताव शासनाला पाठवावा आणि त्यात सोलापूरसाठी मुंबईबरोबर हैदराबाद विमानतळही धरावा.

पहिल्या चार मागण्यांना नवा निधी लागत नाही, सही लागते. पाचवी जिल्हा नियोजन समितीच्या एका बैठकीत बसण्याएवढी आहे. सहाव्यातले दरपत्रक जिल्ह्यातच होते. शासनाकडे जायचे आहे ते फक्त मोफत गाडीचे. नमुन्याचा मसुदा, कागदांची यादी आणि परत येण्याच्या कारणांची टाचणे आम्ही तयार करून द्यायला तयार आहोत. या पत्राला तीस दिवसांत लेखी उत्तर मिळावे, आणि ते मागणीनिहाय असावे : मान्य, अमान्य की विचाराधीन, आणि विचाराधीन असेल तर कोणाच्या टेबलावर.

आपले,
परदेशातून पार्थिव आणण्याच्या कामात कागदपत्रांची मदत करणारे सोलापूरकर